जॉबरला सांगितलंस का?

माझ्या बाबांना तुम्ही नुसते गिरणीतले रिटायर म्हातारे समजता ना? मग हे ऐका. आमच्या लालबागच्या चाळीच्या वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यात मी लिनक्स टाकलं होतं. चालू करताना अक्षरं एवढी मोठी यायची की पासवर्डचा चौकोनच स्क्रीनबाहेर. कमिटीने ठरवलं, "रविवारी भंगारात देऊ." माझं डोकंच फिरलं. सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मी स्क्रीनचं बरोबर माप लिहिलं, सेव्ह केलं, तीनदा बंद-चालू केलं. ढिम्म!

बाजूला पेपर वाचत बसलेले बाबा म्हणाले, "माप लिहिलंस, पण जॉबरला सांगितलंस का? आमच्याकडे वहीत नंबर बदलला म्हणून साचा, म्हणजे आमचा माग, बदलत नसे. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, साच्यावर येऊन तो नंबर बसवायचा, मग कापड."

मी कपाळावर हात मारला. फाइल बदलल्यावर ती लागू करायची वेगळी कमांड असते, तीच मी विसरले होते. कमांड दिली, पुन्हा चालू केला, तर चौकोन बरोबर मधोमध!

आता बाबा चाळभर सांगतात, "टायपिंग पोरीचं, रिपेअर माझं." आणि खरं सांगू? मीपण तेच सांगते.