सटाण्यात पडलेली राख

कॉम्प्युटरने मुलींचं लिखाण सुधारतं, असं मला तरी कुणी सांगू नका. फ्लॉपीच्या काळात मी नाशिकला सार्वजनिक आरोग्याचा कोर्स शिकवायचे. प्रत्येकीने आपल्या गावाच्या आरोग्यावर कच्चा अहवाल फ्लॉपीत द्यायचा, मी खाली शेरा टाईप करायचा, मग तिने तो सुधारून आणायचा.

सटाण्याच्या मनीषाने सुधारलेला अहवाल आणला. त्यात वाक्य होतं, ‘वीज केंद्राची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते.’

मी तिला भर वर्गात उभं केलं. “अगं, वीज केंद्र इथं नाशिकजवळ, एकलहऱ्याला. राख सटाण्याला कशी पोचली?”

“वाऱ्यानं, मॅडम.”

“एवढ्या लांब?”

“आमच्याकडे लय वारा असतो.”

“मैत्रिणीचा अहवाल उचललास आणि नुसतं गावाचं नाव बदललंस! नापास करू?”

तिने शांतपणे आपला कच्चा अहवाल उघडला. राख त्यातही होतीच. खाली माझा शेरा होता, ‘वाचताना गाव डोळ्यांसमोर उभं राहिलं.’

“मॅडम, सगळ्या चाळीस जणींच्या फ्लॉपीत हाच शेरा आहे,” ती म्हणाली. “तोपण वाऱ्यानंच गेला का?”