स्कूटरच्या टाकीपेक्षा कमी

...नाही पण मी म्हणतो, एवढ्याशा प्रश्नाला हसायचं काय कारण? सिस्टरना सरळ विचारलं, सिस्टर, माणसात रक्त असतं तरी किती? कारण सकाळी एक नळी, दुपारी एक नळी, अहो, बायकोच्या अंगात रक्त तयार होईना म्हणून तिला ॲडमिट केलंय, आणि आहे तेही तुम्ही तपासायला नेताय! तर म्हणे, "काका, किलोमागे सत्तर मिलिलिटर धरा आणि गप्प बसा."

गप्प बसतो होय! तुम्हाला सांगतो, मी जन्मभर पेट्रोल पंपावर नळी धरून उभा राहिलेला माणूस, लिटर म्हटलं की कान टवकारतात! तिथंच हिशेब केला. हिचं वजन अठ्ठेचाळीस. साडेतीन लिटरसुद्धा नाही हो! स्कूटरच्या टाकीत पाच मावतं! आणि एवढ्यावर या बाईनं दोन पोरी वाढवल्या, सासूशी भांडली, माझ्याशी तर रोज भांडली... हे ॲव्हरेज कुठल्या गाडीला आहे, सांगा मला!

डॉक्टरांना म्हटलं, साहेब, एकेक पिशवी काय चढवताय, टाकी फुल करा ना! ते म्हणाले, "भरता येतं काका, टिकत नाही. जुनं संपतं आणि नवीन बनत नाही." मग किती दिवस चालेल? तर साहेब चष्मा पुसायला लागले.

घरी आणली. मी वजनकाटा घेऊन आलो. दर रविवारी हिला काट्यावर उभी करायची आणि गुणिले सत्तर! एकदा तर तेवढं पाणी मोजून पातेल्यात ओतलं, म्हटलं बघू तरी, माणसात रक्त असतं तरी किती... तर ही पलंगावरून ओरडली, "अहो, ते दुधाचं पातेलं आहे! माझं रक्त त्यात नको!" हसलो हो दोघं, ठसका लागेपर्यंत हसलो. मग ते पाणी मोरीत ओतायला गेलो, तर हात पुढं होईना. साधं नळाचं पाणी! शेवटी परत बादलीत ओतलं.

पण काटा उतरत चालला. सत्तेचाळीस... सेहेचाळीस... माझी झोप उडाली. आढ्याकडे बघत नुसते गुणाकार! "झोपत का नाही हो तुम्ही?" "झोपतो की." आणि एका रविवारी चमत्कार! वजन थांबलं! पुढच्या रविवारी अर्धा किलो वाढलं! पस्तीस मिलिलिटर! मी गल्लीभर सांगत सुटलो. ही म्हणाली, "बघा, उगीच जीव टांगणीला लावून घेतलात. आता झोपा." आणि झोपलो की! घोरलोसुद्धा!

फक्त गार वाजतं म्हणून माझा पंपावरचा जुना स्वेटर घालूनच काट्यावर चढायची, तो ढगळ खिशांचा. आणि मी आपला घरभर शोधतोय, मागच्या दाराचं कुलूप कुठाय, बत्ता कुठाय, लसूण ठेचू कशानं? तर वर मलाच, "तुम्हाला कधी काही जागेवर सापडलंय का?"

गेली हो. दुपारी म्हणाली, जरा चहा ठेवा. मी कप घेऊन आलो तोवर गेली.

नंतर स्वेटर धुवायला उचलला, तर भलताच जड. एका खिशात कुलूप. दुसऱ्यात बत्ता. मग काय करणार, ठेवलं दोन्ही काट्यावर. दीड किलो. गुणिले सत्तर... एक कप. चहाचा एक कप! जिला पाण्याचा पेला उचलवत नव्हता, ती एवढं लोखंड खिशात घालून काट्यावर ताठ उभी राहायची, का, तर मला झोप लागावी म्हणून. माणसात रक्त असतं तरी किती, विचारा आता मला!

पंपावर प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचो, साहेब, आधी शून्य बघून घ्या. थेंबभर कमी दिलं नाही कधी कुणाला. आणि घरात, माझ्या डोळ्यांदेखत, बायको मापात मारून गेली... आणि मी घोरत होतो.