पाल, पल्ली आणि पळ्ळी

बी.एड.च्या मॅडमनी माझ्या पाठाच्या वहीत लाल पेनाने काय लिहिलंय, हे मी घरी अजून दाखवलेलं नाही.

तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या गावच्या शाळेत नववीवर माझे सराव पाठ चालले होते. माझं तमिळ पडलं नागपूरचं, त्यामुळे दोन आठवडे वर्गातून एकही प्रश्न आला नव्हता. म्हणून मी युक्ती केली. मी मोडकंतोडकं तमिळ बोलेन, ते फोन ऐकून तमिळ लिपीत लिहिणार आणि मुलं ते स्मार्टबोर्डवर वाचणार. मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या.

मी 'प्रकाशाचं परावर्तन' सुरू केलं आणि बोर्डामागून पाल निघाली. मी ओरडले, "पाल, पाल."

फोनने इमानदारीत लिहिलं. वर्गात हशा फुटला, कारण तमिळमध्ये पाल म्हणजे दूध.

कधीच न बोलणारी कयल पालीकडे बोट दाखवत उठली. "मिस, दूध नाही. पल्ली."

तमिळ म्हटलं की ळ हवाच, म्हणून मी ठासून म्हटलं, "पळ्ळी."

"मिस, आता तुम्ही शाळा म्हणालात." बोर्डावरही तेच उमटलं होतं.

मग अख्खा वर्ग मला शिकवायला लागला. पालीची शेपटी परत कशी येते, ती काचेवरून पडत का नाही, प्रश्न थांबेनात. परावर्तन राहिलंच.

तास संपल्यावर मॅडमनी वही मागितली. शैक्षणिक साधनांत मी 'स्मार्टबोर्ड, फोन' लिहिलं होतं. त्यांनी खाली भर घातली, 'पल्ली, एक.'

वही परत देताना म्हणाल्या, "उद्या वीज गेली तरी चालेल. हिला मात्र आणा."