पाचवा नंबर

दातांच्या दवाखान्यात माणसानं गाल धरून मुकाट बसावं. पण शेजारचा चष्मेवाला मघापासून पाय हलवत होता आणि बाकासकट मोठ्याबाईंनाही हलवत होता. पेपरात सिनेमावर लिहायचा म्हणे. वर्षातल्या पाच उत्तम दुय्यम भूमिकांची यादी त्याला आत जायच्या आधी पाठवायची होती. पलीकडे त्याची सिनेमात छोटी कामं करणारी बहीण बसली होती.

"चार ठरले. पाचवा तो डॉक्टरचं काम केलेला नट."

"काय केलं रे त्यानं, दादा?"

"आता आठवत नाही. पण बरा होता."

"आणि माझी शिंपीण?"

"पुन्हा तेच! लोक म्हणतील, बहिणीला चढवलं."

"नवरा धडधडीत खोटं बोलतोय आणि ती त्याच्याच सदऱ्याला बटण लावतेय, हा प्रसंग तूच घरी चारदा करून दाखवलास. आईला रडवलंस."

"घरातलं वेगळं."

"तुझी यादी बघून लोक पुढचं काम देतात. दोन वर्षांत मला हे एकच मिळालंय, दादा."

"मग काय, माझं नाव खराब करून घेऊ?"

"नको. पाठव डॉक्टरला."

त्यानं मोबाइल उचलला. मोठ्याबाईंची दाढ ठणकत होती, तरी त्यांनी गालावरचा हात काढला.

"ए चष्मेवाल्या, ज्याचं काम आठवत नाही त्याला नंबर, आणि जिचं तोंडपाठ आहे तिला बाहेर? याला न्याय नाही म्हणत, बाळा. तू नुसता भित्रा आहेस. खोड तो डॉक्टर!"