वेळेआधी येणारं जहाज

बंदराच्या कचेरीत रांगेत माझ्यापुढे चामडी पिशव्यांच्या कारखान्याची मालकीण आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते.

"ताई, परदेशी चामडं उद्या उतरतंय. मुद्दाम वेगाचं जहाज धरलं."

"आणि जकातमाफीचा करार परवापासून. उद्या उतरलं तर जकातीतच कारखाना बुडेल."

"जकातीवरून दोन खंड इतकी वर्षं भांडत होते. एकदम गळ्यात गळे घालतील हे मला काय ठाऊक?"

"जन्मात एकदा वेळेआधी पोचायचं सुचलं तुला, तेही आत्ताच."

खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, धक्का रिकामा नाही. जहाज परवापर्यंत बाहेरच थांबेल."

"कमाल झाली," भाऊ सवयीने म्हणाला. "वेगाचं भाडं भरलंय आम्ही."

"खरंय. भली माणसं दिसता. साहेबांना सांगून उद्याच जागा करून देतो."

त्याने फोन उचलला.

"अहो," ताई म्हणाली, "आम्ही अजिबात भली माणसं नाही."