एकनाथचा विक्रम आणि मुकुंदाची साक्ष

हां, टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले दादा, तुम्हीही बोटांना विसावा द्या. आता थोडा वेळ नुसतं ऐकायचं. पांडुरंग तर ऐकतोच आहे, त्याच्या शेजारी बसून तुम्हीही ऐका.

मंडळी, एक विचारतो. उत्तर मनातल्या मनात दिलंत तरी चालेल, पण खरं द्या. आपण ज्याच्यावर जीव टाकला, त्याच्या पुढे दुसरा कुणी निघून गेला, तर आपल्या माणसाचं काय कमी होतं? शेजारणीच्या सुनेचं कौतुक झालं की आपल्या सुनेची भाजी लगेच अळणी होते का? बघा, बायका हसल्या. पुरुष नाही हसले. म्हणजे दुखणं तिकडं आहे!

याचं उत्तर आज मी पोथीतून देत नाही. हॉकीच्या मैदानावरून देतो. हो, हॉकीच. देवाला काय, सगळी मैदानं त्याचीच.

एक रेल्वेचं गाव होतं. नाव घेत नाही, तिथली दोघं-चौघं इथं बसलीत. माल धक्क्यामागं मुरमाचं मैदान, आणि गावाला हॉकीचं वेड. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा मुकुंदा खरात त्या गावचा. साठी उलटलेली, केस पांढरे, आवाज मात्र खणखणीत. मुकुंदाचा थोरला भाऊ एकनाथ. बाप लवकर गेला, तेव्हा एकनाथनं शाळा सोडली, लोको शेडमध्ये काम धरलं आणि मुकुंदाला वाढवलं. दिवसभर इंजिनाखाली, संध्याकाळी मैदानावर. आणि खेळायचा कसा? स्टिकला चेंडू लागला की बघणाऱ्याचा श्वास अडकायचा! गावाच्या लीगमध्ये आयुष्यभरात सगळ्यात जास्त गोल कुणाचे? एकनाथ खरातचे.

एकनाथ अकाली गेला. लग्न नाही, मूलबाळ नाही. मागं राहिला तो विक्रम. गावात एकनाथचं नाव घ्यायला तेवढं एकच कारण उरलं होतं, आणि ते कारण मुकुंदानं वर्षानुवर्षं जपलं.

आता आला जयवंत पाटोळे. चाळिशी पार केलेला, गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारा. बरोबरीची पोरं कधीच पोट सुटून घरी बसली, हा अजून मैदानात. गोल करत करत एकनाथच्या बरोबरीला आला. एक गोल झाला की पुढे. आणि त्यानं सांगून टाकलं की यंदाचा अंतिम सामना हा माझा शेवटचा.

झालं. गावात दोन तट पडले. भांडणाची जागा म्हणजे दिगंबरचं सलून. दिगंबर जयवंताच्या बाजूचा. मुकुंदा रोज सकाळी तिथं जाऊन बसायचा आणि सुरू व्हायचं.

"दादा मुरमावर खेळला, तेही साध्या कॅनव्हासच्या बुटात," मुकुंदा म्हणायचा. "हा आयत्या मिळालेल्या पेनल्टी कॉर्नरवर गोल मोजतो. आणि या वयात खेळतोय कशाला? पोरांची जागा अडवून?"

"अहो, गोल तो गोल," दिगंबर वस्तरा हातात धरून म्हणायचा. "आणि तुमचा दादा इतकी वर्षं खेळला असता, तर तुम्ही त्याला जागा अडवतो म्हणाला असतात?"

इकडं खुर्चीतलं गिऱ्हाईक एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालावर फेस वाळलेला, अशा अवस्थेत बसून. त्याला कोण विचारतं?

मुकुंदाचं बोलणं दिवसेंदिवस कडू होत गेलं. जयवंत हावरट आहे, विक्रमासाठीच खेळतो, असंही तो म्हणाला. एकदा जेवताना घरीही तेच काढलं. त्याची बायको कौसल्या शांत बाई. ती ताटात भाकरी वाढत एवढंच म्हणाली, "भाऊजींचं नाव राखताय, का त्या जयवंताचं घालवताय? दोन्ही एकच वाटायला लागलंय तुम्हाला."

मुकुंदा अर्धी भाकरी ताटात टाकून उठला. 

अंतिम सामन्याला सगळं गाव लोटलं. मुकुंदाची बसायची जागा ठरलेली. गोलच्या बाजूला, खांबाजवळ, एकटा दगडावर. तिथून चेंडू आत जाताना अगदी समोर दिसतो.

सामना बरोबरीत. वेळ संपत आलेली. जयवंतानं दोनदा मारला, दोन्ही वेळा गोलकीपरनं अडवला. गुडघा दुखतोय हे लांबूनही कळत होतं. तेवढ्यात जयवंताच्याच संघातला इम्रान शेख नावाचा तरणा खेळाडू चेंडू घेऊन आत घुसला, त्यानं जोरात मारला. गोलसमोर ही गर्दी, त्यात जयवंत. आणि चेंडू जाळीत! गाव उसळलं. पंच होते लोबो मास्तर. त्यांच्या आड दोन खेळाडू आलेले. त्यांनी गोल दिला, नाव दिलं इम्रानचं. सामना जिंकला, शिटी वाजली. जयवंताचा खेळ संपला. एकनाथच्या बरोबरीवर, एक पाऊलही पुढे नाही.

पण मंडळी, खांबाजवळ बसलेल्या मुकुंदानं काय पाहिलं होतं? चेंडू सरळ जात नव्हता. तो बाहेर चालला होता. जयवंतानं वाकून स्टिकचं टोक पुढे केलं, टक असा बारीकसा आवाज झाला, आणि चेंडू आत वळला. हॉकीत असा शेवटचा स्पर्श ज्याचा, गोल त्याचा. बघणाऱ्यांत ती टक ऐकली एकट्या मुकुंदानं.

आता काय करायचं? सांगा की! गप्प का?

कुणी विचारणार नव्हतं. मुकुंदाला खोटंही बोलावं लागणार नव्हतं, नुसतं उठून घरी जायचं होतं. माणसं येऊन पाठीवर थाप मारू लागली. "मुकुंदा, राहिला रे तुझ्या दादाचा विक्रम." दिगंबरसुद्धा आला. मोठ्या मनानं म्हणाला, "जिंकलात तुम्ही."

मुकुंदा हसायला गेला, हसू येईना. वर्षानुवर्षं दादाचं नाव निघालं की त्याची छाती भरून यायची. आज पहिल्यांदा त्या नावाबरोबर दुसरंच काहीतरी आलं. त्याला कळलं की आता जन्मभर कुणी दादाचा विक्रम म्हटलं, की आपल्याला आधी ती टक ऐकू येणार. जपून ठेवायला गेलो आणि आपल्याच हातानं नासवलं.

तो उठला. गर्दीतून वाट काढत लोबो मास्तरांसमोर उभा राहिला.

"मास्तर, तो गोल जयवंताचा आहे. स्टिक लागली. मी पाहिली."

मास्तर म्हणाले, "मुकुंदा, तू काय बोलतोयस ते कळतंय ना तुला?"

"कळतंय. म्हणून तर इथपर्यंत यायला एवढा वेळ लागला."

मास्तरांनी इम्रानला बोलावलं. तो म्हणाला, "मी मारला आणि पडलो, मला काही दिसलं नाही." मग जयवंताला बोलावलं. तो मान खाली घालून उभा.

"लागली होती का रे स्टिक?"

"लागली होती."

"मग बोलला का नाहीस? शेवटचा सामना तुझा."

जयवंतानं मुकुंदाकडं पाहिलं. "काका समोर बसले होते, मास्तर. आमची नजरानजर झाली. त्यांच्या डोळ्यांदेखत एकनाथदादाच्या पुढचा गोल कसा मागू? तोंडच उघडेना."

 मुकुंदा पुढे झाला. म्हणाला, "जयवंता, मी तुझ्याबद्दल सलूनमध्ये काय काय बोललो, ऐकलंयस का?"

"सगळं कानावर यायचं," जयवंत म्हणाला. "राग नाही यायचा, काका. एवढंच वाटायचं, आपण गेल्यावर आपल्यासाठी असं भांडायला कुणी असेल का?"

मुकुंदानं त्याचा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. "मी आहे की," तो म्हणाला. "माझं वय बघू नको. जोवर आवाज आहे तोवर दोघांसाठी भांडेन."

लोबो मास्तरांनी गोल जयवंताच्या नावावर लावला. काहींनी विचारलंच, एका माणसाच्या शब्दावर? मास्तर म्हणाले, "ज्याचं सगळ्यात जास्त जाणार होतं, तोच सांगतोय. याहून मोठी साक्ष मी कुठून आणू?"

विक्रम मोडला. एकनाथ दुसरा झाला. मग एकनाथचं काय झालं?

पुढच्या रविवारी मुकुंदा सलूनमध्ये गेला, कोपऱ्यात गप्प बसला. तिथं इम्रान दाढीला आलेला. तो म्हणाला, "काका, जयवंतदादांच्या आधी ज्यांचा विक्रम होता, ते एकनाथदादा खेळायचे तरी कसे?"

मंडळी, इतकी वर्षं मुकुंदा दादाचं सांगत होता ते न विचारता. विक्रम उभा होता तोवर विचारलं कुणीच नव्हतं. त्यानं दिगंबरच्या कोपऱ्यातला झाडू उचलला, स्टिकसारखा धरला, कमरेत वाकला आणि दाखवायला लागला. "असा यायचा बघ. डावीकडून. खांदा असा." दिगंबरनं वस्तरा बाजूला ठेवला. रस्त्यावरचे दारात थांबले. आणि मुकुंदाचे डोळे वाहत होते, पण झाडू काही थांबत नव्हता.

काय कमी झालं एकनाथचं? तुम्हीच सांगा.

बाबांनो, उद्या कुणी तुमच्या मुलाच्या पुढे जाईल, भावाच्या पुढे जाईल, तुमच्या स्वतःच्याही पुढे जाईल. आणि त्याचं खरं काम फक्त तुम्ही पाहिलेलं असेल. कुणी विचारायला येणार नाही. गप्प राहिलात तर कुणाला कळणारही नाही. तेव्हा उठाल ना? माना नका डोलवू एवढ्यात. घरी जाताना आठवा, असं कुणाला तरी द्यायचं राहिलेलं कौतुक आपल्या तोंडात अडकलंय का. अडकलं असेल तर आजच त्याच्या दारी जाऊन बोलून टाका.

आणि आत्ता त्याची सुरुवात म्हणून, उचला ते टाळ, आणि शेजाऱ्याचा आवाज आपल्यापेक्षा वर गेला तरी चालेल, अशा मनानं नाम घ्या. विठ्ठल, विठ्ठल!