सव्वाबाराचा फोन

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या काउंटीच्या आरोग्य मंडळाचे प्रमुख माननीय डेलबर्ट कॉम्ब्स, व्यासपीठावरचे पास्टर स्टेसी, ज्यांच्या निरोपासाठी आपण या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये जमलो त्या वर्नाबाई ट्रेंट, आणि मागच्या टेबलावरच्या केळ्याच्या पुडिंगकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या पेशंट बंधुभगिनींनो! तुमच्यातल्या निम्म्यांना मी ते खायला मनाई केली आहे, हे मला आठवतंय बरं का.

वर्नाबाई आमच्या दवाखान्यात एकतीस वर्षं होत्या. काम काय? तर फोन करायचे. मी पेशंट तपासतो, उपचार लिहितो, आणि ते उपचार गरजेचे आहेत की नाही हे ठरवतो विमा कंपनीतला कुणीतरी, ज्यानं पेशंटचं तोंडही पाहिलेलं नसतं. त्याच्याकडून 'हो' वदवून घ्यायचं काम बाईंचं. रिसीव्हर खांद्यात धरून, कंपनी 'थांबा' म्हणाली की फोनवर वाजतं ते पेटीसारखं संगीत ऐकत त्या तासन्‌तास बसायच्या.

आपले ऑरविलकाका समोर बसलेत. खाणीत त्यांचा पाय गेला. कृत्रिम पायाची दुरुस्ती निघाली की कंपनी नवा दाखला मागायची.

"कसला दाखला?" बाईंनी विचारलं.

"त्यांना पाय अजूनही नाही, याचा."

"नाही हो, अजून फुटला नाही. फुटला की पहिला फोन तुम्हालाच करते!"

हसताय काय? त्या दाखल्यावर मी सह्या केल्यात. सहा वेळा. डॉक्टरकी शिकलो ती याच्यासाठी? आणि सरकारी विमा तरी काय सरळ आहे? आपल्या त्या मिल्ड्रेडनं किराणा दुकानात दोन आठवडे जादा काम केलं, कमाई मर्यादेच्या वर गेली, आणि गरिबांचा विमा बंद. साखरेचं इंजेक्शन मात्र तिला रोज लागतंच. असो. रक्तदाब माझाही वाढतो.

लोक विचारतात, बाई आत्ताच का निघाल्या? अहो, या महिन्यात त्यांना पासष्ट वर्षं पूर्ण झाली. पासष्टीचा सरकारी विमा सुरू झाला. त्याआधी नोकरी सोडली असती तर विमाही सुटला असता. म्हणून दुखरा खुबा ओढत ही बाई दोन वर्षं आमचा जिना चढली. खुब्याच्या उपचाराचं मी विचारलं की म्हणायची, "कागद गेलाय कंपनीकडे."

गेल्या आठवड्यात त्यांचा खण रिकामा करताना कंपनीकडून त्यावर आलेलं उत्तर मला सापडलं. बाईंना हे आवडणार नाही, पण आज मी बोलणार आहे.

नकार आला की एक सोय असते. कंपनीचा डॉक्टर आमच्याशी फोनवर बोलतो. वेळ त्याची, मिनिटं दहा. तेवढ्यात इकडचा डॉक्टर आला नाही, तर प्रकरण बंद. तुमच्यापैकी कितीजणांसाठी बाईंनी मला दंडाला धरून त्या फोनपाशी नेलंय! खणातल्या त्या उत्तरात कंपनीनं लिहिलं होतं: 'सव्वाबारा वाजता फोन केला. डॉक्टर उपलब्ध नाहीत.' पेशंटचं नाव, वर्ना ट्रेंट.

मला ती दुपार आठवली. लाकूड गिरणीतल्या एकाच्या हाताला मी टाके घालत होतो. बाईंनी दार वाजवलं. मी आतूनच ओरडलो, "आत्ता नाही! थांबायला सांगा त्यांना!"

"बरं," त्या म्हणाल्या.

परवा मी त्यांना विचारलं, "बाई, फोन तुमचा होता हे का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही टाके अर्धे सोडून आला असता."

"मग नंतर सांगायचं!"

"पुढच्या आठवड्यात पुन्हा अर्ज करू म्हटलं. पण पुढच्या आठवड्यात बाकीच्यांचे फोन होते, डॉक्टर."

मला त्या कंपनीचा संताप येतो, आणि तिच्याहून जास्त माझा. रोज समोरून लंगडत जाणारं माणूस मला दिसत होतं, मी डॉक्टर आहे, आणि 'कागद गेलाय' एवढ्यावर मी गप्प बसलो.

अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. वर्नाबाई, तुमच्याकडे मात्र मी त्या दुपारची माफी मागतो, सगळ्यांसमोर.

एकवीस तारखेला लेक्सिंग्टनच्या मोठ्या इस्पितळात तुमच्या खुब्याची तपासणी आहे. गाडी मी चालवणार. दवाखाना दिवसभर बंद राहील, आणि कुणाच्याही कंपनीचा फोन आला तरी डॉक्टर उपलब्ध नाहीत.